एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर? जड टिपर-ट्रेलरसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

शोरूममध्ये दोन्हींना ‘ऑटोमॅटिक’च म्हणतात, कारण दोन्हींत क्लचचं पेडल नसतं. केबिनखाली मात्र दोन अगदी वेगळी यंत्रं आहेत.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे नेहमीचाच दात्यांचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच कोरडी क्लच प्लेट. ड्रायव्हरच्या हातापायाचं काम तेवढं हवेच्या दाबावरचे ॲक्च्युएटर आणि कंट्रोल युनिट करतात. झेडएफ ट्रॅक्सन आणि व्होल्व्हो आय-शिफ्ट हे १२ गिअरचे डबे या जातीचे. ॲलिसनच्या ३००० आणि ४००० मालिकेतले डबे टॉर्क कन्व्हर्टरचे. त्यांत इंजिन आणि गिअरच्या मधे कोरडी प्लेटच नाही, तेल आहे. इंजिन कन्व्हर्टरचा पंप फिरवतं, पंप टर्बाइनवर तेल फेकतो आणि गाडी हलते. वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो.

निवड हॉर्सपॉवरवरून करू नका. एका खेपेत भरलेली गाडी जागेवरून किती वेळा उचलावी लागते आणि पायाखाली डांबर आहे की चिखल, हे आधी मोजा.

‘कन्व्हर्टरची गाडी जास्त ओढते’ असं सर्रास ऐकू येतं. आकडे उलट सांगतात. ट्रॅक्सनच्या डायरेक्ट ड्राइव्ह (शेवटचा गिअर १ ला १) प्रकारात पहिल्या गिअरचं गुणोत्तर १६.६९ आहे. ॲलिसन ४५०० चं ४.७०. गाडी जागेवर असताना कन्व्हर्टर टॉर्क (फिरवण्याची ताकद) साधारण दुप्पट करतो असं धरलं तरी हिशेब ९.४ च्या आसपास थांबतो. म्हणजे निव्वळ ओढीत एएमटी पुढे आहे. (ॲलिसन ४७०० ला ७.६३ चा जादा खालचा गिअर असतो. तो मिळत असेल तर हे अंतर जवळपास मिटतं.)

मग खाणीत कन्व्हर्टर का चालतो? एएमटी गिअर बदलताना क्लच उघडते आणि चाकांची ताकद तेवढा वेळ तुटते. ३५ टनांचा भरलेला टिपर १० ला १ च्या रॅम्पवर ताशी ८ किमीने चढतोय असं धरा. चढाचा विरोध वजनाच्या १० टक्के, ओल्या मुरमाचा आणखी ३ टक्के. ताकद एक सेकंद तुटली तर वेग ताशी साडेचार किमीने घटतो. वरचा गिअर पडेपर्यंत गाडी साडेतीनवर आलेली असते, तो गिअर आता जड पडतो, कंट्रोल युनिट परत खाली उतरवतं आणि गाडी जागीच रुतते. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींत पावसाळ्यात मातीची काय अवस्था होते हे तिथल्या हायवावाल्यांना सांगायला नको. कन्व्हर्टरच्या डब्यात एक क्लच पॅक (तेलातल्या प्लेटांचा गठ्ठा) सुटता सुटता दुसरा धरतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. एएमटी असेल तर अशा जागी मॅन्युअल मोड लावून एकच गिअर धरायचा आणि रॅम्प संपेपर्यंत बदलू द्यायचा नाही. ड्रायव्हरने हे पाळलं तर एएमटीही निभावते, पण दर पाळीला ड्रायव्हर बदलत असेल तर त्या भरवशावर राहू नये.

घाटात पारडं फिरतं. ट्रॅक्सनच्या दोन गिअरमधली पायरी सुमारे १.२९ ची आहे. १७०० आरपीएमला वरचा गिअर टाकला की इंजिन १३०० च्या वर उतरतं, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्यातच राहतं. ॲलिसनच्या वाइड रेशोमध्ये पहिला ४.७० आणि दुसरा थेट २.२१. ५५ टनांचा ट्रेलर कसाऱ्यात नेमका या दोघांच्या मधल्या वेगावर अडकला, तर पहिल्यात इंजिन ओरडतं आणि दुसऱ्यात लॉकअप सुटून कन्व्हर्टर घसरत राहतो. त्या घसरण्यातून नुसती उष्णता निघते आणि डिझेल जातं. मोकळ्या हायवेवर लॉकअप लागलेला असताना फरक कमी होतो, तरी तेलाचा पंप इंजिनची थोडी ताकद खातच राहतो.

उतारावर दोघांनाही रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारं यंत्र, मिळतो. तो घेताना रेडिएटरकडे बघा, कारण रिटार्डरची सगळी उष्णता शेवटी इंजिनच्या कूलंटमध्ये येते. एएमटीत इको-रोल (डिझेल वाचवायला उतारावर गाडी मोकळी सोडणारी सोय) असेल तर खंडाळ्याच्या उतारावर तो बंद करून मॅन्युअलवर या, नाहीतर गाडी आपणहून न्यूट्रलला सुटू शकते.

बिघडतं काय? एएमटीत मुख्यतः क्लच. चढावर रांगेत उभं असताना ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट जळते. चढावर गाडी मागे न जाऊ देणारा हिल-होल्ड आहे, तो वापरायला शिकवा. दुसरं दुखणं हवेचं. एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर पाणी ॲक्च्युएटरच्या व्हॉल्व्हमध्ये जातं, मग गिअर कधी पडतो, कधी पडत नाही. क्लच बदलल्यावर लॅपटॉप लावून कंट्रोल युनिटला नवा बाइट पॉइंट (क्लच धरायला लागते ती जागा) शिकवावा लागतो. हे न करता सोडलेली गाडी झटके देते, आणि मालक गिअरबॉक्सला दोष देतो.

कन्व्हर्टरचा जीव तेलात आहे. ४००० मालिकेत तेल बदलायला ४० लिटरच्या आसपास तेल लागतं, तेही ॲलिसनच्या टीईएस मानकातलं. सोबत मेन आणि ल्यूब असे दोन फिल्टर. संपमधलं (डब्याच्या तळातलं) तेल ७१ ते ९३ अंश सेल्सिअसमध्ये असावं, १२१ च्या वर गेलं की थांबा. खाणीतल्या धुळीने कूलर चोंदतो, तापमान वाढण्याचं नेहमीचं कारण तेच. तेलाची पातळी गरम असताना, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून बघायची. पुश-बटण सिलेक्टरवरचे वर-खालीचे बाण एकत्र दाबले की पातळी दिसते, पण गाडी थांबल्यावर साधारण दोन मिनिटं द्यावी लागतात. कूलर आतून फुटून कूलंट तेलात मिसळलं तर नुसतं तेल बदलून भागत नाही. ग्लायकॉलमुळे फ्रिक्शन प्लेटचं अस्तर सुटतं, डबा उघडावाच लागतो.

पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद बॉडी उचलण्यासारख्या कामाला देणाऱ्या जोडणीचा, मुद्दा बरेच जण विसरतात. एएमटीतला साधा पीटीओ क्लचच्या मागे असतो, त्यामुळे क्लच उघडली की तोही थांबतो. बॉडी उचलायला तेवढं पुरतं. ॲलिसनचा पीटीओ इंजिनवरून चालतो, म्हणून गाडी धावत असतानाही ताकद हवी अशा कामाला तोच सोयीचा. धक्का देऊन मात्र दोन्ही सुरू होत नाहीत, आणि टो करताना चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट सोडावाच लागतो, कारण इंजिन बंद असताना डब्यात तेल नीट फिरत नाही.

हायवे आणि घाटाच्या ट्रेलरला डोळे झाकून एएमटी घ्या. खाण, धरणाचं काम, भराव अशा आखूड खेपांच्या टिपरला कन्व्हर्टर, महाग असला तरी. फक्त त्याचा ओव्हरहॉल करणारं केंद्र किती किलोमीटरवर आहे ते आधी विचारा. शहरातल्या काँक्रीट मिक्सरचं उत्तर सरळ नाही. थांबणं-निघणं मोजलं तर कन्व्हर्टर बरा, पण गाडी वर्षभरच ठेवायची असेल तर किमतीतला फरक वसूल होणं कठीण.

ट्रायल मात्र रिकाम्या गाडीवर घेऊ नका. पूर्ण लोड भरा, रॅम्पच्या मध्यावर थांबा आणि लागोपाठ दहा वेळा निघा. एएमटीत क्लच तापल्याचा इशारा कितव्या वेळेला येतो आणि कन्व्हर्टरमध्ये तेलाचा काटा कुठे जातो, ते लिहून घ्या.