फ्रेंच सोनेरी शमादानांची जोडी: एम्पायर काळातली घ्यावी की नंतरची?

पॅरिसच्या लिलावांत सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या शमादानांच्या, म्हणजे अनेक फांद्यांच्या मेणबत्ती-स्टँडांच्या, जोड्या कायम येत असतात. घेणारा बहुतेक वेळा दोन प्रकारांत अडकतो: 1804 ते 1815 च्या आसपासची, नेपोलियनच्या साम्राज्यकाळातल्या एम्पायर शैलीतली जोडी, की 1850 नंतर अठराव्या शतकातला फ्रेंच राजा सोळावा लुई याच्या काळच्या शैलीत नव्याने घडवलेली. लांबून दोन्ही सारख्याच झळकतात.

एम्पायर जोडीत अनेकदा काळपट ब्राँझची पंखधारी विजयदेवता गोलावर बोटं टेकवून उभी असते आणि तिने उंच धरलेल्या हारातून किंवा मशालीतून सोनेरी फांद्या फुटतात. सपाट भाग मोकळे, नक्षी मोजकी. त्यामुळे कच्चं काम लपत नाही. चेहऱ्याआधी पंख बघा. चांगल्या कामात प्रत्येक पिसाची दांडी आणि तिच्या दोन्ही अंगांच्या रेषा छिन्नीने वेगवेगळ्या काढलेल्या असतात. ओतकामातून आकार मिळतो, हा रेखीवपणा मात्र नंतर हाताने आणावा लागतो, आणि माझ्या मते खरे पैसे त्याचेच द्यावेत.

या जोड्यांवरचा मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लेपायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं. मग काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करायचे, काही मुद्दाम मंद ठेवायचे. अठराव्या शतकात ब्राँझकार पिएर गुतिएर या मंद झळाळीसाठी नावाजला गेला, पुढे तोमीर या ब्राँझकाराने तीच एम्पायरच्या मोठ्या कामांत वापरली. मेणबत्तीच्या उजेडात हे दोन पोत शेजारी शेजारी पाहिले की विजेच्या प्रवाहाने चढवलेल्या मुलाम्याचं एकसुरी सोनं डोळ्यांत भरत नाही. त्यामागची किंमतही विसरू नये: पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची शरीरं खिळखिळी होत. स्वतः ब्राँझकार असलेला राव्रिओ 1814 मध्ये वारला, तेव्हा यावर उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने 3000 फ्रँक ठेवले होते. 1818 मध्ये ते बक्षीस रसायनशास्त्रज्ञ दार्सेला मिळालं, विषारी वाफ धुराड्यातून ओढून नेणाऱ्या भट्टीसाठी.

नंतरच्या जोड्यांत मेंढ्याची मुंडकी, गुबगुबीत बाळं, फुलांच्या माळा अशी भरगच्च नक्षी असते. मुलामा अनेकदा विजेचा. पॅरिसचा उद्योजक क्रिस्तोफ्ल याने त्या पद्धतीचे फ्रान्समधले हक्क 1842 मध्ये घेतले. हा थर पातळ, सगळीकडे एकाच रंगाचा आणि आतल्या बाजूलाही पोचलेला दिसतो. पाऱ्याच्या कामात न दिसणारी बाजू बऱ्याचदा कोरीच सोडत. पण एवढ्यावरून साल ठरवू नका, कारण दासाँ आणि बर्दले या पॅरिसच्या कारागिरांनी शतकाच्या उत्तरार्धातही पाऱ्याचाच मुलामा दिला. बार्बेदिएनच्या कारखान्यातलं छिन्नीकाम तर कितीतरी सामान्य एम्पायर कामांहून सरस आहे.

म्हणून रोज जेवणाच्या टेबलावर ठेवायची असेल आणि खर्चाला मर्यादा असेल, तर बार्बेदिएनची सही असलेली नंतरची जोडी बिनधास्त घ्या. जवळ जाऊन पुन्हा पुन्हा निरखायची असेल तर एम्पायर, मुलामा थोडा झिजलेला असला तरी. एम्पायर म्हणून गुळगुळीत, बोथट पंखांची जोडी मात्र घेऊ नका.

जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त नक्कल दोन्हींत खपवली जाते. तळाशी ओरखडा करडा-पांढरा दिसला की ती जस्ताची. ब्राँझ पिवळसर-तांबूस दिसतं. विजेचे दिवे बसवण्यासाठी नंतर पाडलेली भोकंही तपासा, त्याने किंमत उतरते. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका, घासून सोनंच निघून येईल. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.

फांद्या स्क्रूवर बसवलेल्या असतात. एखादी काढून आतली बाजू दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर ती जोडी सोडून द्या.