३ इंची पेट्रोल पंपसेट, होंडा जीएक्स १६० इंजिन : मशीन दणकट आहे, फक्त विहिरीत उतरवू नका

आधी निकाल सांगतो. इंजिनाला पाचपैकी पाच, पूर्ण पंपसेटला चार. घ्या, पण कशासाठी घेताय ते आधी बघा. सध्या सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या शेतात हे लाल-पांढरं मशीन दिसायला लागलंय आणि निम्मे लोक ते चुकीच्या कामाला लावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मोहोळच्या अलीकडं आमची जमीन आहे, डाळिंब आणि थोडा ऊस, राहायला आम्ही सोलापुरात. शेतीची लाइट कधी रात्रीची कधी दिवसाची, त्यात एखादा फेज गेला किंवा डीपी जळाला की दोन-दोन दिवस हातावर हात ठेवून बसायचं, म्हणून शेततळ्यातलं पाणी वरच्या टाकीत टाकायला हा पंप घेतला. त्या कामाला एक नंबर आहे. १६३ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमधे ऑइल मिसळायची भानगड नाही, पंचवीस-सव्वीस किलोच्या आसपास वजन, दोघं धरून बांधावरून आरामात नेतात. कागदावर मिनिटाला ११०० लिटरपर्यंत पाणी लिहिलेलं असतं पण तो आकडा पाणी जवळजवळ वर चढवायचंच नसेल तेव्हाचा, जसजशी उंची आणि पाइपची लांबी वाढते तसतसं पाणी कमी होत जातं, आणि एकूण २३ मीटरला जाऊन ते थांबतं. त्यामुळं याच्यावर थेट ड्रिप चालवायचा विचार असेल तर घेऊ नका. फिल्टर आणि लॅटरलमधे (ड्रिपच्या बारीक नळ्यांमधे) जेवढं प्रेशर लागतं तेवढं हा देत नाही, त्याला कमी पाण्याचा जास्त प्रेशरचा पंप वेगळा मिळतो. हा भरपूर पाणी थोड्या उंचीवर टाकायचा गडी आहे.

पेट्रोल किती खातो हे प्रत्येकजण विचारतो. टाकी ३.१ लिटरची, फुल रेसवर तासाला साधारण सव्वा ते दीड लिटर, म्हणजे एका टाकीत दोन तास धरा. लिटरला शंभराच्या वर रुपये मोजून रोजचं पाणी पाजणं परवडत नाही, अडीअडचणीलाच काढायचं मशीन आहे.

आता विहिरीचं. कुठलाही सक्शन पंप पाणी खेचतो म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्राच्या पातळीला हा दाब जास्तीत जास्त ३४ फूट पाणी उचलू शकतो, आपलं सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, इथं त्यातले दीड-दोन फूट गेले, उरलेल्यातलं पाइपचं घर्षण, फुटवॉल (पाइपच्या खालच्या टोकाचा वॉल्व), वॉशरमधून धरलेली हवा यात जातं. हातात राहतात वीस-बावीस फूट. यापुढं जगातलं कितीही भारी इंजिन लावा, पाणी येणार नाही. एप्रिल-मे मधे विहीर तळाला जाते तेव्हा काय होतं, पंप वरून ओढंना झाला की लोक दोरानं मशीन खाली सोडतात, मधल्या टप्प्यावर नाहीतर फळ्या टाकून बसवतात आणि एक माणूस खाली उतरून दोरी ओढून चालू करतो.

हे करू नका, कुणाला करू देऊ नका. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. विहिरीत हवा खेळत नसते त्यामुळं थोड्या वेळातच तो साचतो. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा धरून बसतो, आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उन्हाचं असेल म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि मग पायातली ताकदच जाते, शिडी चढता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरचा भाऊ, मुलगा त्याला काढायला म्हणून खाली उतरतो आणि तोही तिथंच पडतो. एका घरातली दोन-तीन माणसं एकाच विहिरीत गेल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. इंजिन बंद केलं म्हणजे धोका संपला असंही नाही, धूर आतच कोंडलेला असतो. कुणी खाली पडलंच तर उतरू नका, ११२ ला नाहीतर अग्निशामकला १०१ ला फोन लावा, १०८ ची गाडी बोलवा. त्याच्या अंगाला आधीच दोर बांधलेला असेल तर वरून ओढा. पाणी बावीस फुटाच्या खाली असेल तर त्याला सबमर्सिबलच (पाण्यात बुडवून चालणारी विजेची मोटर) लागतो, आणि ती मोटर चालवायला जनरेटर लावला तर तोही वर, मोकळ्या हवेत, विहिरीच्या तोंडापासून लांब.

हेच बंद खोलीला लागू. पावसात भिजतंय म्हणून मशीन मोटरच्या खोलीत घेऊन चालवायचं नाही, खिडकी उघडी ठेवून भागत नाही. पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजू उघड्या असतील तर ठीक, त्यातही भिंतीपासून निदान एक मीटर लांब. सायलेन्सरखाली उसाचं पाचट, वाळलेलं गवत, पोतं काही नको. बंद केल्यावरही सायलेन्सर बराच वेळ चटका देतो, लहान पोरं जवळ असतील तर लक्ष ठेवा.

घेतानाचा किस्सा सांगतो, दुकानाचं नाव नको. दुकानातला पोरगा डेमो द्यायला दोरी ओढायलाच निघाला होता, इंजिनात ऑइलचा थेंब नव्हता. नवीन इंजिन कंपनीतून ऑइलशिवाय येतं, हे विकणाऱ्यालाच माहीत नाही. तिथं उभा असलेला एक जुना मेकॅनिक ओरडला, "अण्णा, थांबवा त्याला, आधी तेल बघा!" तेव्हा कुठं बाटली आली. या इंजिनाला १०डब्ल्यू-३० फोर स्ट्रोक ऑइल लागतं, ०.५८ लिटर. अख्खी एक लिटरची बाटली ओतायची नाही. बऱ्याच मॉडेलला ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, त्यामुळं पंप बांधावर तिरका ठेवला की ऑइल असूनही तो बंद पडतो आणि लोक प्लग, कार्बोरेटर खोलत बसतात. सपाट जागा करा, फावड्यानं दोन मिनिटांचं काम आहे.

ऑइल तपासताना इंजिन बंद, मशीन सपाट, डिपस्टिक पुसून आत घालायची पण आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवून बाहेर काढायची. फिरवून बघितलं तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पहिलं ऑइल २० तासाला नाहीतर महिन्यात बदला, त्यात नव्या पार्टची बारीक घस असते, काढल्यावर उन्हात धरलं की चमचमताना दिसते. नंतर दर १०० तासाला किंवा सहा महिन्याला. इंजिन थोडं गरम असताना काढलं की सगळं निघतं. जुनं ऑइल शेतात किंवा ओढ्यात ओतू नका, गॅरेजवाले घेतात.

आपल्याकडं धूळ फार, त्यामुळं एअर फिल्टरची वेळ ५० तासाची असली तरी उन्हाळ्यात मी त्याच्या आधीच उघडतो. स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, स्वच्छ इंजिन ऑइलमधे बुडवून घट्ट पिळून काढायचा. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, हळू आपटायचा किंवा आतून बाहेर हवा मारायची. पेट्रोलमधे फिल्टर धुणारे लोक मी बघितलेत, तेही सायलेन्सर गरम असताना. प्लग बीपीआर६ईएस, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर, एक जादाचा डब्यात ठेवा. पंपाचं तोंड उघडून कचरा काढायचा असेल तर आधी प्लगची कॅप उपसा, म्हणजे चुकून इंजिन फिरलं तरी पेटणार नाही आणि बोटं शाबूत राहतील. वॉल्वची सेटिंग ज्याच्याकडं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आहे अशा मेकॅनिककडूनच करून घ्या, कानानं सेट करणाऱ्याकडं देऊ नका.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो तेव्हा ते लवकर गार होतच नाही, सावलीत ठेवून चहा घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विडीपर्यंत पोचते. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, शेतात तहानलेला माणूस बाटली बघून तोंडाला लावतो. झाकण घट्ट बसणारा पेट्रोलचाच कॅन घ्या.

आता इथेनॉल. या इंजिनाच्या मॅन्युअलमधे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं छापलेलं असतं आणि पंपावर आता २० टक्केवालं पेट्रोल मिळतं. जुनं मशीन असेल तर डीलरला रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटबद्दल विचारून घ्या. इथेनॉल ओल धरतं, मशीन महिना-दोन महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट गाळ बसतो आणि ऐन गरजेला दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. त्यामुळं महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीखालचा ड्रेन बोल्ट सैल करून उरलेलं कॅनमधे काढा. पावसाळ्यात मी कायम असं करतो आणि पावसाळा संपून मशीन परत काढलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतं. चालू करताना, इंजिन गार असेल तर चोकची दांडी ‘क्लोज’कडं, कॉक उघडा, रेस थोडी पुढं, दोरी आधी जड लागेपर्यंत हळू ओढायची मग एकदम. आणि हातातून सोडायची नाही, हातानं परत आत जाऊ द्यायची.

एक स्टार कापला तो सोबत मिळालेल्या पाइप-क्लॅम्पच्या सेटसाठी. डीलरनं दिलेला सक्शन पाइप इतका पातळ की इंजिन रेस घेतलं की चपटा व्हायचा, क्लॅम्प हवा धरायचे. बाजारात कडक कड्यांचा हिरवा सक्शन पाइप मिळतो तोच घ्या, ३ इंचीच, कमी करू नका. पाइपच्या टोकाला जाळी पाहिजेच, शेततळ्यातला प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा गेला की इंपेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा) जाम. पंपात पाणी भरल्याशिवाय दोरी ओढायची नाही, कोरडा चालला की आतलं मेकॅनिकल सील (पाणी गळू न देणारी कडी) जळतं. चुकून कोरडा चाललाच तर लगेच गार पाणी ओतू नका, बंद करून थंड होऊ द्या, मग भरा.

स्पेअर सोलापुरात मिळतात, प्लग, दोरी, फिल्टर, सील कशाला अडत नाही. पण हुबेहूब दिसणारी इंजिनंही त्याच रॅकवर असतात, पार्टही बहुतेक एकमेकाला बसतात, त्यामुळं वरून ओळखू येत नाही. क्रॅंककेसवर कोरलेला इंजिन नंबर वाचा, तोच नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर लिहून घ्या, शिक्का मारून घ्या आणि ऑइल भरून तुमच्यासमोर पाण्यावर चालवून दाखवल्याशिवाय गाडीत चढवू नका.