क्रेडिट युनियनचे अर्थशिक्षण: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ओहायोत राहायला आल्यावर मी तेथील एका क्रेडिट युनियनची सभासद झाले, त्याला आता अकरा महिने झाले. आपल्याकडच्या पतसंस्थेशी परिचय असलेल्यांना ही संस्था परकी वाटणार नाही, कारण ती सभासदांच्याच मालकीची असते आणि खाते उघडताना भरलेली किमान रक्कम हा आपला भाग समजला जातो. सभासदांसाठी तिने ऑनलाइन धडे, कर्जाचे कॅल्क्युलेटर आणि फोनवरून आर्थिक समुपदेशन अशी विनामूल्य सोय केली आहे. तिन्ही मी नियमितपणे वापरली आणि समुपदेशन इतर दोहोंपेक्षा कितीतरी सरस आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

भारतातला सिबिल स्कोअर इथे उपयोगी पडत नाही, त्यामुळे 500 डॉलर अनामत ठेवून मी तेवढ्याच मर्यादेचे क्रेडिट कार्ड घेतले. फायको स्कोअर, म्हणजे इथे कर्जदाराची पत दाखवणारे गुण, तयार होण्यासाठी निदान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. त्या स्कोअरमध्ये वेळेवर परतफेडीला 35 टक्के आणि वापरलेल्या कर्जाला 30 टक्के महत्त्व असते, हे धड्यात नीट समजावले होते. मी दरमहा किराणा आणि पेट्रोल मिळून सुमारे 420 डॉलर कार्डावर खर्च करून, मुदतीच्या आत पै न पै भरत होते. तरीही पहिला स्कोअर हाती आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा बराच कमी होता आणि माझे काय चुकले, हे मला धडे पुन्हा वाचूनही कळेना.

समुपदेशक बाईंनी माझा अहवाल माझ्यासोबत ओळीने वाचला आणि दहा मिनिटांत कारण दाखवले. कार्ड कंपनी सहसा स्टेटमेंट निघते त्या दिवशीची बाकी क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना, कळवते. आपण ती मुदतीपूर्वी पूर्ण फेडली तरी नोंद आधीच झालेली असते. म्हणजे कागदोपत्री मी दरमहा मर्यादेच्या 84 टक्के कर्ज वापरत होते. पुढच्या महिन्यापासून स्टेटमेंटच्या चार दिवस आधीच पैसे भरून जेमतेम 40 डॉलर बाकी ठेवू लागले आणि दोन महिन्यांत स्कोअर 38 गुणांनी वाढला. इतकी मोलाची गोष्ट धड्यात एका वाक्यानेही आलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण नव्याने आलेल्या प्रत्येकाला फोन करण्याचे सुचेलच असे नाही.

कॅल्क्युलेटर साधे आहेत, पण गाडीचे कर्ज घेताना त्यांनी मला सावरले. 20,000 डॉलरचे कर्ज 7 टक्के दराने 60 महिन्यांत फेडले तर हप्ता सुमारे 396 डॉलर येतो आणि 72 महिन्यांत फेडले तर 341. मात्र लांबलेल्या मुदतीत व्याजापोटी जवळजवळ 790 डॉलर जास्त जातात. विक्रेता फक्त हप्त्याबद्दल बोलत होता. मी 60 महिने निवडले.

ठेवींच्या सुरक्षिततेवरचा धडाही उत्तम आहे. संघीय विमा असलेल्या क्रेडिट युनियनमध्ये प्रत्येक सभासदाच्या 2,50,000 डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण असते. हे वाचल्यावर मी सांगलीला बाबांना फोन केला, तेव्हा त्यांची बरीचशी पुंजी गावातल्या पतसंस्थेत असल्याचे कळले. भारतात बँकांतील ठेवींना असणारे 5 लाख रुपयांचे विमा संरक्षण, सहकारी बँकांना लागू असले तरी, पतसंस्थांना लागू नाही. बाबांना मात्र ते आहे असेच वाटत होते. त्यांनी मुदत संपताच निम्मी रक्कम बँकेत हलवली.

उणीव मोठी आहे ती परदेशातून आलेल्यांबाबत. करविषयक धडा वाचणाऱ्याचा सगळा पैसा अमेरिकेतच आहे, असे गृहीत धरतो. करासाठी इथले रहिवासी ठरलेल्या व्यक्तीच्या परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर त्याची माहिती सरकारला द्यावी लागते, आणि भारतात बचत खाते व मुदत ठेवी असलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा नियम लागू होतो. मला तो कार्यालयातील एका सहकाऱ्याकडून कळला. संस्थेच्या अभिप्राय अर्जात मी हे सविस्तर लिहून दिले आहे. धड्यात अद्याप बदल झालेला नाही.