लायटरच्या ज्योतीवर मोती टिकला आणि मी फसले

मोती जळला नाही म्हणजे तो खरा, हे आधी डोक्यातून काढून टाका. याच एका समजुतीवर माझे 17,500 रुपये गेले.

लेकीच्या लग्नाच्या खरेदीसाठी हैदराबादला गेलो होतो. चारमिनारजवळच्या एका दुकानात तीन पदरी माळ 14,800, कुड्या 3,200, रोख दिले म्हणून 500 कमी. दुकानदाराने मोत्यावर लायटर धरला, काजळी फडक्याने पुसली, मोती जसाच्या तसा. अहो, काचसुद्धा जळत नाही! वितळतं ते प्लास्टिक. पण तेव्हा आम्ही सगळे त्या ज्योतीकडेच बघत बसलो.

आणि मला दिसलं होतं, चीड त्याची आहे. एका मोत्याच्या भोकापाशी नेलपॉलिश उडतं तसा टवका उडालेला. मी बोट ठेवलं तर म्हणाला, "ओवताना सुई लागते, भाभीजी," आणि माळ डबीत गेलीसुद्धा. सगळे मोती तंतोतंत गोल, एकाच छटेचे. आजीच्या नथीतले बसऱ्याचे दोन मोती एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी लहानपणापासून बघतेय. पण शेजारी विहीणबाई बसलेल्या. त्यांच्यादेखत शंका कशी काढायची? तुम्ही काढा. भिडेपोटी गप्प बसू नका.

पुण्यात दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याने माळ हातात घेताच विचारलं, मोत्यांमध्ये गाठी का नाहीत? महागडे मोती सहसा मध्ये गाठी मारून ओवतात. मग दाताच्या कडेवर मोती घासला. गुळगुळीत. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरतो, चीनचा गोड्या पाण्यातला असला तरी. दोन खरे मोती एकमेकांवर हलके घासले तर पांढरी पूड निघते. पण भोकात भिंगातून बघाच. आमच्या मोत्यात मुलाम्याखाली काच चमकत होती.

पोलीस चौकीत म्हणाले, हैदराबादला जा. तिथल्या पोलिसांना फोन केला तर म्हणाले, "बिलावर 'मोती माळ' लिहिलंय, मिळाली ना माळ?" खरे की नकली, हे बिलावर लिहून घेतलं नाही ही माझी चूक, मान्य. पण म्हणून फसवणूक फसवणूक राहत नाही? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदाराने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद! चार ठिकाणी हेलपाटे घातले, पण 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, हे एकानेही सांगितलं नाही. ते सांगितलं शेजारच्या वकीलबाईंनी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

अर्ज दिला आहे. टवका उडालेला तो मोती वेगळ्या पुडीत बांधून ठेवलाय.