वेळेवर, उशिरा की अजिबात नको? बाळाच्या लसीबद्दल ठरवणाऱ्या नागपूरच्या पालकांसाठी

बाळाला लस द्यायची की नाही हे भारतात आई-वडीलच ठरवतात. सरकारी लसीकरण कार्यक्रम 1985 पासून चालू आहे, पण बाळाला सक्तीनं टोचायला लावणारा केंद्रीय कायदा नाही. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोविड लसीच्या प्रकरणात कोणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही असं सांगितलं. साथीच्या काळात सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. हक्क पक्का आहे. तो वापरल्यावर बाळाच्या वाट्याला काय येतं, ते मात्र लसीगणिक बदलतं.

सरकारी की खासगी

मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत आणि मनपाच्या नागरी आरोग्य केंद्रांत सगळ्या नियमित लसी मोफत मिळतात. जन्मतः बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचे थेंब आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस-बी. मग 6, 10, 14 आठवडे, 9 महिने, 16 ते 24 महिने आणि 5 वर्षं. पालक घाबरतात ते पेंटाच्या तापाला. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब (मेंदुज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाचांवरची एकत्र लस. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचे पूर्ण मृत जंतू असतात, म्हणून एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 5 किलोच्या बाळाला एका वेळी 50 ते 75. घोटाळा इथेच होतो. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये त्याहून बरंच कमी. थेंब सिरपच्या चमच्यानं मोजले की मात्रा कित्येक पट होते. त्यामुळे किती मिलिलीटर द्यायचं ते सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या.

खासगी दवाखान्यातल्या ‘पेनलेस’ लसीत जंतूचे निवडक भागच असतात. ताप कमी येतो, पण खर्च बराच असतो आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. केवळ तापाच्या भीतीनं सगळंच नाकारायला निघालेल्यांना आम्ही हीच लस सुचवू. कुठेही घ्या, मे महिन्यात शीतसाखळीची चौकशी करा. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. सरकारी कुपीवरच्या गोल खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर ती वापरता येते. दोन्ही सारखेच गडद दिसले, तर ती कुपी नको म्हणा. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी कालवल्यावर 4 तासांत संपवायची असते, म्हणून ती किती वाजता कालवली हेही विचारा.

‘थोडं मोठं होऊ दे, मग बघू’

हा पर्याय सौम्य वाटतो, पण फसवतो. लसींना वयाची मुदत असते. सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात. रोटा (जुलाबांच्या रोटाव्हायरसवरची लस) आणि पेंटाचा पहिला डोसही वर्षाच्या आत व्हावा लागतो. वर्ष उलटलं की पेंटाऐवजी डीपीटी मिळते, आणि त्यातून हिपॅटायटिस-बी व हिबचं संरक्षण गळतं. गोवर-रुबेला 5 वर्षांपर्यंत मिळते, पण गोवर बाळाला सर्वांत जास्त गाठतो तो त्याआधीच. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. सर्दी, किरकोळ ताप किंवा जुलाब ही लस लांबवण्याची कारणं नाहीत.

नकार द्यायचाच असेल तर

प्रत्येक लसीचा वेगळा विचार करा. आईची हिपॅटायटिस-बीची तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला पहिल्या 12 तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही हवीत. जन्माच्या वेळी लागण झालेल्या 10 पैकी साधारण 9 बाळांत हा आजार कायमचा राहतो. धनुर्वात मातीतून, जखमेतून होतो. बाकी सगळ्यांनी लस घेतली तरी तुमच्या मुलाला त्याचं कवच मिळत नाही. जन्मल्यावरचं व्हिटॅमिन-के तर लसच नाही. रक्तस्राव टाळणारं ते इंजेक्शन लसीसोबत नाकारू नका.

प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोला आणि कोणती लस नको ते केसपेपरवर लिहून सही करा. वॉर्डात ऐनवेळी वाद घालून काही साधत नाही. घरी आशाताई येतील, कारण राहिलेल्या बाळांची यादी करणं हे त्यांचं कामच आहे. नंतर सिस्टर येतील, कदाचित वैद्यकीय अधिकारीही. त्यांनी समजावावं, तुम्ही प्रश्न विचारावेत: कोणती लस, कशासाठी, दुष्परिणाम काय. लस नाही म्हणून मुलाचा तातडीचा उपचार थांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात लसीची अट नाही. तरी बऱ्याच शाळा प्रवेशाच्या वेळी कार्ड मागतात. आणि जखम झाली किंवा अंगावर पुरळ उठलं, तर मुलाला लस दिलेली नाही हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. उपचार त्यावरून बदलतात.

आधीच्या डोसनंतर ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) झाला असेल, किंवा पेंटानंतर 7 दिवसांत मेंदूला सूज आली असेल, तर तो नकार नव्हे, वैद्यकीय कारण आहे. ते कार्डावर लिहून घ्या, म्हणजे दर वेळी नव्यानं सांगावं लागणार नाही. अशी गंभीर घटना वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा. तिची चौकशी करायला जिल्हा पातळीवर समिती असते. लगेच दिसणारी तीव्र ॲलर्जी लाखो डोसांत एखादी, पण मिनिटांत सुरू होते. त्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायचं.

लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती ज्या 1998 च्या शोधनिबंधातून पसरली, तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला. आमचं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर लस बदला, दवाखाना बदला, डॉक्टरांना आणखी वेळ मागा, पण वेळापत्रक सोडू नका.

मधेच थांबला असाल तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे जायचं, दोन डोसांत किमान 4 आठवडे ठेवायचे. नात्यात कुणाला गोवर निघाला आणि तुमचं मूल त्याच्या जवळ आलं असेल, तर 72 तासांच्या आत दिलेली लसही त्याला वाचवू शकते.