एक प्रकरण तुझं, एक माझं: जोडीनं रहस्यकथा लिहिण्याच्या दोन स्वीडिश रीती

नवरा-बायकोनं किंवा जोडीदारांनी मिळून कादंबरी लिहायची म्हटलं की पहिला प्रश्न कल्पनेचा नसतो, वाटणीचा असतो. कोण काय लिहिणार, शेवटचा शब्द कुणाचा, आणि मुखपृष्ठावर नाव कुणाचं? स्वीडनमधल्या दोन जोड्यांनी याची अगदी उलटसुलट उत्तरं दिली आणि दोन्ही जोड्यांची पुस्तकं जगभर गेली. आपल्याला कोणती रीत झेपेल हे ठरवणाऱ्यांसाठी ती शेजारी शेजारी ठेवतो आहोत.

पहिली जोडी माय शोवाल (१९३५–२०२०) आणि पेर वालो (१९२६–१९७५) यांची. रोमन स्पेलिंग पाहून 'माज' म्हणू नका, उच्चार माय असाच आहे. दोघं मासिकांच्या धंद्यातली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भेटली, तेरा वर्षं एकत्र राहिली, दोन मुलं झाली, लग्न मात्र केलं नाही. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. दुसरी जोडी अलेक्झांड्रा कोएल्यो आंदोरिल आणि अलेक्झांडर आंदोरिल यांची. लग्नाची जोडी, दोघंही आधीच स्वतंत्र कादंबरीकार. २००९ साली 'हिप्नोटिस्ट' या कादंबरीवर त्यांनी 'लार्स केप्लर' असं नाव घातलं.

फरक नावापासूनच सुरू होतो, पण मुळाशी आहे तो आराखडा.

माय आणि पेर यांनी पहिलं पुस्तक लिहिण्याआधीच दहांचा हिशेब मांडला होता. प्रत्येक पुस्तकाची ३० प्रकरणं, म्हणजे एकूण ३००. सगळी मिळून एकच मोठी कादंबरी, तिचं नाव 'एका गुन्ह्याची कादंबरी'. दोघं डाव्या विचारांची होती, आणि गुन्हा म्हणजे त्यांच्या मते स्वीडिश कल्याणकारी राज्यानं कामगारवर्गाशी केलेला दगा. वाचकाला हे पहिल्या पुस्तकात जाणवत नाही, सातव्या-आठव्यापर्यंत मात्र लपून राहत नाही. कामाची पद्धत अशी: आधी जागा पाहून यायची, माहिती गोळा करायची, कथानकाचा तपशीलवार कच्चा आराखडा तयार करायचा. मग रात्री मुलं झोपली की टेबलाशी समोरासमोर बसून एकानं एक प्रकरण, दुसऱ्यानं पुढचं. नंतर अदलाबदल करून एकाचं दुसऱ्यानं दुरुस्त करायचं.

ही वाटणी टिकली कशामुळे? आराखड्याइतकाच शैलीचा वाटा आहे, आणि इथेच बहुतेक जोड्या घसरतात. दोघांनी ना तिची ना त्याची अशी तिसरी भाषा मुद्दाम घडवली: कोरडी, अहवालासारखी, मधूनच खवचट. पेर स्वतःच्या नावानं वेगळ्या कादंबऱ्या लिहीतच होता आणि तिथली भाषा वेगळी होती. अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांच्या पोलीस कादंबऱ्यांचे स्वीडिश अनुवाद दोघांनी केले होते. अख्खं पोलीस ठाणं हाच नायक, ही मांडणी त्यांना जवळून माहीत होती.

'रोझॅना' (१९६५) हे पहिलं पुस्तक लेखकाच्या नजरेनं वाचून पाहा. ८ जुलैला मोतालाजवळ बोरेन्सहुल्ट इथं ग्योता कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत वर येतं. ती कोण हेच कळायला महिने जातात, शेवटी अमेरिकेतल्या नेब्रास्कातून उत्तर येतं. पुढं बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेले फोटो आणि हौशी फिल्म मागवून प्रवास जोडला जातो. तपासाचा प्रत्येक तुकडा सुटा आहे: एक जबानी, एक फोन, एक फोटो. असे तुकडे दोन हातांत सहज वाटता येतात आणि सांधा दिसत नाही. शिवाय पात्रं एकमेकांपासून इतकी वेगळी की कुठल्याही पानावर आवाज ओळखू येतो. बेकचे सहकारीच पाहा: मेलांडर पाइप ओढत बसतो आणि काहीही विसरत नाही, तिसऱ्या पुस्तकापासून येणारा गुनवाल्ड लार्सन दांडगट, कोलबेरीला खाण्याची आवड आणि बंदुकीचा तिटकारा. दोघांनी मिळून लिहायचं तर पात्रांची अशी टिपणवही आधी हवी. नाहीतर पाचव्या प्रकरणातला मितभाषी माणूस सहाव्यात बडबडायला लागतो.

आंदोरिल दांपत्याची अडचण नेमकी उलटी होती. दोघांच्याही शैली तयार होत्या. तिच्या पहिल्या कादंबरीचा विषय खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे, त्याची एक कादंबरी चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमनवर. एकत्र लिहिण्याचे आधीचे प्रयत्न भांडणात संपले, असं त्यांनीच सांगितलं आहे. तोडगा म्हणून त्यांनी एक तिसराच लेखक निर्माण केला. 'लार्स' हे नाव स्वीडिश रहस्यकथाकार स्टीग लार्सन यांच्या आठवणीसाठी, 'केप्लर' खगोलशास्त्रज्ञाचं. तो कसा लिहील, एवढंच ठरवायचं. माझं वाक्य का कापलंस, हा वादच उरत नाही, कारण वाक्य केप्लरचं. इथं प्रकरणांची वाटणी नाही. मजकूर इकडून तिकडे इतक्या वेळा फिरतो की कुठली ओळ कुणाची हे दोघांनाही सांगता येत नाही. परिणाम वेगळाच: वेग जास्त, प्रकरणं आखूड, भीती अंगावर येणारी. समाजाचं निदान मात्र माय-पेर यांच्याइतकं धारदार नाही, हे आमचं मत. गुपित काही महिनेही टिकलं नाही. ऑगस्ट २००९मध्येच वृत्तपत्रांनी खरी नावं शोधून काढली. तेव्हा टोपणनाव लपण्यासाठी घेत असाल तर त्यावर फार विसंबू नका. भांडण टाळण्यासाठी घेत असाल तर उपयोगी आहे.

वेळेचा हिशेबही पाहा. माय-पेर यांची दहा पुस्तकं दहा वर्षांत, एकदाच वर्ष चुकलं (१९७३). केप्लरच्या पोलीस अधिकारी योना लिना मालिकेतली दहावी कादंबरी २०२४ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी. प्रत्येक वाक्य दोघांच्या हातून जाणार असेल तर वेळ वाढतोच. नोकरी आणि लहान मुलं सांभाळून रात्रीचे दोनच तास मिळत असतील तर प्रकरणांची वाटणी परवडते. पण आराखड्यावर आधी घाम गाळला नसेल तर अदलाबदलीच्या वेळी सगळं उसवतं: साक्षीदार एका प्रकरणात डावखुरा, दुसऱ्यात उजवा.

ठरत नसेल तर छोटी चाचणी घ्या. एकाच प्रसंगाची, समजा जबानीची, चार पानं दोघांनी वेगवेगळी लिहा आणि घरातल्या तिसऱ्या माणसाला द्या. कुणाचं कुठलं हे त्याला सहज ओळखता आलं, आणि बदलायला दोघंही तयार नसाल, तर आंदोरिल यांची वाट धरा. फरक फक्त सफाईचा असेल तर माय-पेर यांची.

कायद्याचीही एक गोष्ट भारतात लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कॉपीराइट कायद्यानुसार 'संयुक्त लेखन' म्हणजे ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही असं लेखन. तुमची प्रकरणं सुटी राहिली, परस्परांनी हात लावलाच नाही, तर उद्या वाद निघू शकतो. अदलाबदल करून दुरुस्त केलेले खर्डे तारखांसह जपून ठेवा. संयुक्त लेखनाचा हक्क शेवटी मरण पावणाऱ्या लेखकानंतर ६० वर्षं चालतो. टोपणनावानं छापलं आणि खरी नावं उघड झालीच नाहीत, तर प्रकाशनापासून ६० वर्षं.

आणि एक जण मध्येच गेला तर काय, हे आधी बोलून घ्या, अवघड वाटलं तरी. पेर आजारी असताना 'टेररिस्ट' हे दहावं पुस्तक लिहिलं गेलं, त्यात त्याचाच हात जास्त होता. पुस्तकाचा शेवटचा शब्द 'मार्क्स'. जून १९७५मध्ये माल्मो इथं तो वारला. मायनं पुढं पंचेचाळीस वर्षांत एकटीनं मार्टिन बेकचं एकही पुस्तक लिहिलं नाही. पडद्यावर मात्र बेक १९९७पासून चालूच आहे, आणि त्यातल्या कितीतरी पटकथा सिला आणि रोल्फ बोर्यलिंद या आणखी एका जोडीनं लिहिल्या.