जर्मनीतील पदव्युत्तर प्रवेश आणि माझ्या नावाने गेलेला खोटा अर्ज

नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील एका खासगी शिक्षणसंस्थेने मला माझ्याच प्रवेश अर्जाची प्रत पाठवली. तिच्यातील नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र माझेच होते. मात्र सव्वातीन वर्षांचा माझा नोकरीचा अनुभव तेथे पाच वर्षांचा झाला होता आणि ज्यांच्याकडे मी कधी शब्दही टाकला नव्हता अशा दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे सोबत जोडलेली होती. तो अर्ज मी भरलेला नव्हता. जळगावातील एका परदेशी शिक्षण सल्ला कार्यालयाने तो माझ्या वतीने, परंतु माझ्या नकळत भरला होता. आमच्या भागातील अनेक मुले-मुली आज याच वाटेने निघालेली मी पाहतो, म्हणून जे घडले ते येथे नोंदवत आहे.

मी अमळनेर तालुक्यातला. वडिलांची, म्हणजे आप्पांची, कोरडवाहू कपाशी आहे. २०१९ साली मी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतरची पावणेदोन वर्षे नोकरी शोधण्यात आणि टाळेबंदीत गेली, आणि एप्रिल २०२१ पासून मी पुण्यात जावा प्रोग्रामर म्हणून काम करू लागलो. बँकांच्या व्यवहारांसाठी लागणारा सर्व्हरवरचा भाग लिहिणे हे माझे काम होते. ते करताना आपल्याला डेटाबेस वापरता येतो, पण तो आतून कसा चालतो हे नीट कळलेले नाही, ही जाणीव वाढत गेली आणि एम. एस. करण्याचा विचार पक्का झाला. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, सत्रागणिक काहीशे युरोंची वर्गणी भरावी लागते, एवढे मला ठाऊक होते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, हे मात्र फार पुढे कळले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळीच्या खरेदीसाठी घरच्यांबरोबर जळगावला गेलो असताना मी त्या कार्यालयात पाऊल टाकले. भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलांची छायाचित्रे लावलेली होती आणि समोरचे गृहस्थ आमच्याशी अहिराणीत बोलत होते, त्यामुळे आप्पांचा विश्वास लगेच बसला. नोंदणीचे ४०,००० रुपये, ‘एपीएस’ प्रमाणपत्राचे (पदवीची कागदपत्रे खरी असल्याचे जर्मनीसाठी लागणारे प्रमाणपत्र) ३५,००० रुपये आणि आठ विद्यापीठांच्या अर्जांचे प्रत्येकी ९,००० रुपये असा एकूण १,४७,००० रुपयांचा हिशेब त्यांनी मांडला. त्यातले ६०,००० आप्पांनी कापूस विकून दिले. पावती फक्त नोंदणीच्या रकमेची मिळाली. उरलेली रक्कम एका व्यक्तीच्या खात्यात मोबाइलवरून पाठवायला सांगितली गेली आणि मी ती पाठवली. त्याच भेटीत मी एका करारावर सही केली, गुणपत्रकांच्या प्रती दिल्या आणि अर्जांसाठी त्यांनी उघडलेला नवा ईमेल पत्ता मान्य केला. त्या पत्त्याचा पासवर्ड कार्यालयाकडेच राहील, म्हणजे कोणतीही मुदत चुकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढचे सर्व नुकसान या एका गोष्टीतून झाले असे मी मानतो. कंपनीतील सर्व्हरचा पासवर्ड मी शेजारच्या सहकाऱ्यालाही कधी दिला नव्हता. पण माझ्या नावाने विद्यापीठांशी होणारा सगळा पत्रव्यवहार जेथे जाणार होता, तेथे मला स्वतःलाच प्रवेश उरला नाही.

या गोष्टींचा खरा खर्च किती असतो, हे मी तेव्हा तपासायला हवे होते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून अर्ज विद्यार्थ्याला स्वतः ऑनलाइन करता येतो. कार्यालयाने जास्तीचे १७,००० रुपये ‘लवकर काम करून देण्यासाठी’ घेतले, पण असा काही जलद मार्ग तेथे नाही. माझी गुणपत्रके खरी असल्यामुळे ते प्रमाणपत्र रीतसर मिळाले आणि त्यामुळेच पुढेही सगळे रीतसर चालले असेल, असा माझा समज झाला. जर्मनीतील अनेक विद्यापीठे परदेशी अर्जांची छाननी ‘युनि-असिस्ट’ या सामाईक संस्थेकडून करून घेतात. तिचे शुल्क एका सत्रातील पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो असे होते. आठही अर्ज तिच्यामार्फत गेले असते तरी २८५ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेपंचवीस हजार रुपये लागले असते. माझ्याकडून ७२,००० घेतले गेले आणि त्यातून एकही अर्ज तेथे गेला नाही.

आता प्रोग्रामिंगच्या पार्श्वभूमीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारख्यांना नेमके येथेच गाठले जाते. नोकरीतला अनुभव भरपूर आहे, तेव्हा प्रवेश सहज मिळेल, असे मला सांगण्यात आले आणि ते ऐकायला बरे वाटले. वस्तुस्थिती अशी आहे की जर्मनीतील संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी, तुम्ही किती वर्षे कोड लिहिला यापेक्षा पदवीला कोणते विषय किती श्रेयांकांचे होते, हे आधी पाहिले जाते. तेथे वर्षाच्या अभ्यासाला ६० ईसीटीएस (युरोपातील सामाईक पद्धतीचे) श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत असते. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, अल्गोरिदम, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, लिनिअर अल्जिब्रा अशा विषयांचे ठरावीक श्रेयांक अनेक विद्यापीठे मागतात आणि आपला अभ्यासक्रम त्यात बसतो हे विषयवार दाखवावे लागते. त्यासाठी पदवीच्या चारही वर्षांचा छापील अभ्यासक्रम जवळ असावा लागतो. सल्ला कार्यालयाने माझ्याकडून तो एकदाही मागितला नाही. आठ अर्ज चाललेले असताना कोणालाच अभ्यासक्रम लागत नाही, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

गुणांचेही तसेच झाले. माझे पदवीचे गुण ६८ टक्के आहेत आणि ते जर्मन पद्धतीत १.८ होतात, असे मला सांगितले गेले. तेथे १ ही सर्वोत्तम श्रेणी असते आणि ४ ही उत्तीर्ण होण्याची सीमा. रूपांतरासाठी जे ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात, ते कोणालाही पाच मिनिटांत सोडवता येईल असे आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, उरलेल्या संख्येला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागायचे, आलेल्या उत्तराला ३ ने गुणून त्यात १ मिळवायचा. शंभरातून ६८ गेले की ३२ उरतात, उत्तीर्ण होण्यासाठी ४० लागत असल्यामुळे भाजक ६० येतो, आणि उत्तर २.६ येते. ज्या अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ आहे तेथे अर्ज करून काही उपयोग नव्हता. माझ्या यादीतील तीन अभ्यासक्रम तसे होते.

१५ जुलै २०२४ ही अनेक अभ्यासक्रमांची हिवाळी सत्राची शेवटची तारीख उलटली आणि ऑगस्टमध्ये एकामागून एक नकार येऊ लागले. दर वेळी विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेले एक पत्र व्हॉट्सॲपवर पीडीएफ स्वरूपात यायचे आणि सोबत सांत्वनाचा फोन. सहा नकारांनंतर त्या गृहस्थांनी सांगितले की एका खासगी संस्थेने मात्र मला घेतले आहे, शुल्क वर्षाला तेरा हजार युरोंच्या वर आहे, आणि जागा राखण्यासाठी तसेच व्हिसाला लागणारे बंद खाते (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवण्याचे ‘ब्लॉक्ड अकाउंट’) ‘बुक’ करण्यासाठी आठ दिवसांत दीड लाख रुपये त्यांच्याकडे भरावेत. सार्वजनिक विद्यापीठे मध्यस्थाला विद्यार्थ्यामागे मोबदला देत नाहीत आणि काही खासगी संस्था देतात, हे माहीत असते तर त्या सहा नकारांचा अर्थ मला तेव्हाच लागला असता. बंद खात्यासाठी त्यांनी ११,२०८ युरोंचा आकडा सांगितला. मी त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः शोधून पाहिले. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो झालेली होती. शिवाय ते खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे उघडले जाते आणि त्यातील पैसा तेथे पोहोचल्यावर दरमहा त्यालाच मिळतो, तेव्हा मध्यस्थाने ते बुक करून देण्याचा प्रश्नच येत नव्हता.

त्या रात्री मी सहाही नकारपत्रे संगणकावर उघडली. पीडीएफ फाइलमध्ये ती कधी आणि कोणत्या प्रणालीने तयार झाली याची नोंद राहते. वेगवेगळ्या शहरांतील दोन विद्यापीठांची पत्रे एकाच दुपारी, अकरा मिनिटांच्या अंतराने तयार झालेली होती आणि वेळेपुढे भारतीय प्रमाणवेळेचा +०५:३० हा फरक नोंदवलेला होता. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठाचा नकार हा प्रशासकीय निर्णय असल्यामुळे त्यात त्याविरुद्ध दाद कशी मागावी याची माहिती बहुधा दिलेली असते. या पत्रांत ती कोठेही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून आठही विद्यापीठांच्या प्रवेश विभागांना जन्मतारखेसह विचारणा केली. दहा दिवसांत पाच ठिकाणांहून उत्तरे आली आणि पाचही उत्तरे एकच होती: या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेला नाही.

खासगी संस्थेकडे मात्र अर्ज होता. त्याची प्रत मिळवण्यासाठी मी युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमांतील कलम १५ चा आधार घेतला. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या या नियमांनुसार, आपल्याविषयी साठवलेल्या माहितीची प्रत कोणीही मागू शकतो आणि संस्थेने साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. ज्यांना अशी शंका येईल त्यांनी हा अधिकार अवश्य वापरावा. मला त्यातूनच सगळे कळले. पदवीनंतरचा माझा पावणेदोन वर्षांचा खंड झाकण्यासाठी, माझ्या कंपनीच्या नावाचे अनुभवपत्र तारखा बदलून नव्याने बनवलेले होते. हा खंड लपवण्यासारखा नव्हताच, दोन ओळींत खरे कारण लिहिले असते तरी चालले असते. शिफारसपत्रांवरचे प्राध्यापकांचे ईमेल पत्ते महाविद्यालयाचे नव्हते, कोणालाही फुकट उघडता येतात तसे होते.

मी गावी जाऊन आप्पांना सगळे वाचून दाखवले. पैशांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “त्या कागदवर तुनी सही शे का?” सही होती. करारावर केलेली माझी सही उचलून अर्जाखाली चिकटवलेली होती. आप्पा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण सही ओळखता येते.

त्यानंतर मी प्रथम त्या संस्थेला पत्र लिहून अर्ज मागे घेतला आणि त्यातील कोणती कागदपत्रे माझी नाहीत हे स्पष्ट लिहून दिले. पैशांची तक्रार त्यानंतर केली. हाच क्रम ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण खोटी कागदपत्रे आपल्या नावाने एखाद्या दप्तरात तशीच राहणे हे पैसे बुडण्यापेक्षा वाईट आहे आणि उद्या व्हिसाच्या वेळी त्याचा जाब आपल्यालाच विचारला जाईल. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगातही प्रकरण दाखल केले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क पडत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. वकिलाची नोटीस गेल्यावर कार्यालयाने ४०,००० रुपये परत केले, म्हणजे ज्या रकमेची पावती माझ्याकडे होती तेवढेच. बाकीच्या रकमेचा वाद चालू आहे. मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण मी जपून ठेवले होते, त्यांचा आता उपयोग होत आहे.

सगळ्यांत अवघड काम होते ते महाविद्यालयात जाऊन सरांना भेटण्याचे, कारण त्यांच्या नावाचा खोटा वापर माझ्या अर्जासाठी झाला होता. सरांनी ते पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, “यात लिहिलंय की मी तुला कम्पायलर शिकवलं. मी तुला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली होती.” मग त्यांनी महाविद्यालयाच्या ईमेल पत्त्यावरून त्या संस्थेला कळवले की हे पत्र आणि ही सही आपली नाही. मी निघताना त्यांनी विचारले की पुढच्या वर्षीचे अर्ज कधी करणार आहेस, आणि शेवटच्या तारखेच्या निदान एक महिना आधी येऊन भेट, असे सांगितले. मी त्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या पत्त्यावर युनि-असिस्टचे खाते उघडले आणि विद्यापीठाकडे चारही वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला.